तुम्ही म्हणाल तसं

आमच्या सामाईक विहिरीपासून पन्नासेक पावलांवर एक बोअर आहे. केसिंगच्या तोंडावर खताचं रिकामं पोतं चार घड्या करून ठेवलंय आणि त्यावर एकट्याला हलणार नाही असा दगड. लेकरू-बकरू पडायला नको म्हणून. दगड ठेवायच्या आधी पोरं त्यात खडे टाकायची. खडा केसिंगला टणटण आपटत जायचा, मग नुसती खरखर, मग काहीच नाही. पाण्यात पडल्याचा आवाज कधी आला नाही. ६२० फूट आहे तो. पाच हिस्सेदारांनी मिळून घेतलेला, सर्वानुमते.

त्या सर्वानुमतेत मीही होतो.

विहीर आजोबांची. बहात्तरच्या दुष्काळात खोदायला घेतली. आठ परस खोल. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग सुरुंग लावून फोडलेला काळा पाषाण. मध्ये एका अंगाला गेरूचा तांबडा पट्टा दिसतो, दिवाळीपर्यंत तिथून पाणी पाझरत राहतं. आजोबांना चार मुलगे, म्हणून प्रत्येकाला चार आणे. देशात नवे पैसे आले १९५७ साली. विहीर खोदली त्यानंतर पंधरा वर्षांनी, तरी हिस्से पडले ते आण्यांतच, आणि अजूनही हिशोब आण्यांतच चालतो. आज थोरल्या चुलत्यांचे, म्हणजे बप्पांचे, सहा आणे. तात्याचे चार. वडिलांचे चार मोडून थोरल्या भावाला, दादाला, दोन आणि मला दोन. उरलेले दोन धाकट्या काकूचे. तिचे मालक आजारी असताना त्यांच्या हिश्श्यातले दोन आणे बप्पांकडं गेले. किती पैशाला गेले, कोणत्या बोलीवर गेले, परत द्यायचे ठरले होते का, हे पाच घरांत पाच प्रकारे सांगतात.

आता त्या बैठकीचं सांगतो. २०१६ चा पाडवा नुकताच झाला होता. तिकडं मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी निघालं होतं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर लोक त्या गाडीला हार घालताना दिसायचे. ज्या मांजरा धरणावर लातूर जगायचं ते आमच्या केज तालुक्यात, आणि त्याच्या पोटात गुरं चरत होती. आमच्या विहिरीत मोटर दिवसाकाठी वीस मिनिटं चालायची. बप्पांचा दीड एकर ऊस, तात्याची जनावरं, बाकी सगळ्यांची प्यायची सोय, सगळं त्या वीस मिनिटांवर.

बैठक बप्पांच्या ढाळजात. ज्यांच्याकडं माळवदाची घरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: वाड्याच्या दरवाजातून आत शिरलं की अंगाला जी ओटीसारखी बसायची जागा असते ती ढाळज. बप्पा लोडाला टेकून, हातात अडकित्ता. तात्या भिंतीला पाठ लावून. दादा उभा, तो बैठकीला कधी बसतच नाही. मी दरवाजालगत, कुणाला न कळता उठून जाता येईल अशा जागी. आणि काकू आतल्या उंबऱ्यावर, अर्धी आत अर्धी बाहेर, मोठ्या दिरासमोर म्हणून पदर कपाळापर्यंत. कोण काय बोलणार हे बसायच्या जागा बघूनच एखाद्यानं लिहून दिलं असतं.

बप्पा म्हणाले, "बोअर घ्यावा मनतो. पाणाड्यानं जागा दावलीय."

पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याच्या, तळहातावर नारळ उभा राहिला होता, आणि तो उभा राहिला बप्पांच्या बांधालगत.

दादा म्हणाला, "बोअर नगं. गेरूच्या पट्ट्याला आपले झरे हायेत. बोअर तिथूनच खाली जाणार. वरचं पाणी खाली निघून गेलं तर विहीरबी गेली आन् बोअरबी गेला. यारी लावू, गाळ काढू, तळाला आडवे बोअर मारू. निम्म्या पैशात होतंय."

एवढं बोलायला त्याला एक मिनिट लागलं असेल. त्या मिनिटात तो शंभर टक्के बरोबर होता, आणि हे मी आज म्हणत नाही, तेव्हाच मला माहीत होतं. आठच दिवस आधी भूजलाच्या कामातल्या एका ओळखीच्याला मी फोनवर विचारलं होतं. त्यानंही तेच सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं की २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली, विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. आमच्या शिवारात सहाशे-सातशे फुटांचे बोअर चाळणीसारखे पडलेले असताना हे वाक्य विनोदी वाटतं. पण ते माझ्या खिशात होतं.

बप्पा म्हणाले, "तुला लईच कळाया लागलं."

इथं थांबला असता तर. पण दादा थांबत नाही. "कळतंय मनूनच बोलायलोय. नारळ नेमका तुमच्याच बांधाला कसा काय उभा राहतोय? काकूचे दोन आणे गिळले तसं आता समद्यांचं पाणी गिळायचंय का?"

अडकित्त्याचा आवाज थांबला. तात्या आपल्या चपलांकडं बघू लागला. काकू उठून आत गेली आणि कुणी न मागितलेला पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. तिच्या दोन आण्यांचं हे भांडण दादानं तिला न विचारता काढलं होतं. तिला ते काढायचं होतं का, आज काढायचं होतं का, ढाळजात काढायचं होतं का, याची चौकशी त्याच्या गावीही नव्हती. तिच्या बाजूनं बोलता बोलता त्यानं तिला अजून चार बोटं आत ढकललं.

आणि त्या क्षणापासून विहीर, गेरू, झरे, आडवे बोअर यातलं काहीच कुणाला ऐकू येईना. समोर प्रश्न एवढाच उरला की तू बप्पांचा का दादाचा.

बप्पांनी एकेकाकडं बघितलं.

"तात्या?"

"तुमी मनाल तसं."

"तू रे?"

मी म्हणालो, "तुमी मनाल तसं."

उंबऱ्यावरून आवाज आला, "तुमी कराल ते."

झालं. सोळापैकी चौदा आणे एका बाजूला.

त्या तीन शब्दांवर मी फार विचार केलाय. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे होकार असं बप्पांनी धरलं, आणि त्यात त्यांची चूक नाही, आपल्याकडं तसंच धरतात. पण तात्याचा अर्थ होता, भांडण मिटवा, मला धारा काढायला जायचंय. तीन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी कट्ट्यावर तो मला म्हणाला की त्यालाही बोअर नकोच होता. काकूचा अर्थ होता, माझं नाव आता पुन्हा घेऊ नका. आणि माझा? माझा अर्थ होता, फसलं तर माझ्या माथी नको. तीन नकार एकत्र करून त्यांचा एक ठराव झाला.

गावाकडं माणसांच्या या तऱ्हांना नावं आहेत. तोंडाळ, घुम्या, होयबा, आडमुठा, कळलाव्या, तळ्यात-मळ्यात करणारा. मी शिक्षक. एकदा एका प्रशिक्षणात आम्हाला केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांची १९७४ ची प्रश्नावली भरायला दिली होती. वाक्यांच्या तीस जोड्या, प्रत्येक जोडीतलं आपल्याला लागू पडेल ते निवडायचं, आणि शेवटी कळतं की वादात तुम्ही रेटणारे, नमतं घेणारे, टाळणारे, तडजोडवाले की मिळून वाट काढणारे. माझं आलं 'टाळणारे'. शेजारचे सर हसून म्हणाले, छान, म्हणजे समंजस. मलाही ते छानच वाटलं. आमच्या भावकीत मला समंजस म्हणूनच ओळखतात, आणि दादाला भांडखोर. चाळीस वर्षं ही वाटणी पक्की आहे. विहिरीच्या हिश्श्यांपेक्षाही पक्की.

त्याच प्रशिक्षणात सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगाबद्दल ऐकलं. एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेघांतली तिच्याएवढी कोणती ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. खोलीतला एकच माणूस खरा, बाकीचे आधी पढवलेले. ते सगळे एकासारखं एक चुकीचं उत्तर देतात. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही त्या एकट्या माणसानं साधारण तीनातल्या एका वेळी चुकीला मान डोलावली. दर चार माणसांतली तिघं एकदा तरी वाहवत गेली. वर्गात सगळे 'बघा, लोक कसे मेंढरागत असतात' असं म्हणून पुढं गेले. मला मात्र त्याच प्रयोगाचा दुसरा भाग चिकटून बसला. पढवलेल्यांपैकी एकाला जरी खरं उत्तर द्यायला सांगितलं, तरी हे वाहवत जाणं एकदम कमी होतं. तो मोठा माणूस असावा लागत नाही, त्यानं भाषण करावं लागत नाही. फक्त दुसरा आवाज लागतो.

आमच्या ढाळजात पहिला आवाज होता. गावाकडं पहिल्या आवाजाची टंचाई कधीच नसते, प्रत्येक भावकीत एक दादा असतोच. आणि त्याचं म्हणणं पडतं ते बहुतेक वेळा तो चुकतो म्हणून नाही, तर बरोबर बोलता बोलता तो असं काही बोलून बसतो की त्याला दुजोरा देणं म्हणजे त्या शिवीवरही सही करणं होतं. मला विहिरीबद्दल दादाला साथ द्यायची होती, गिळले या शब्दाला द्यायची नव्हती. हे दोन वेगळे करून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. 'बप्पा, दादाचं ते दोन आण्यांचं बोलणं सोडून द्या. पण झऱ्यांचं तो खरं सांगायलाय, मीबी चौकशी केलीय.' मोजून बघा, दहा सेकंद. मी ती दोन वाक्यं नंतर किती तरी वेळा मनात म्हटली. आंघोळीला बसल्यावर, गाडी चालवताना, वर्गात पोरं गणित सोडवत असताना.

बोअरची गाडी चौथ्या दिवशी रात्री आली. तमिळनाडूच्या नंबराची. त्या उन्हाळ्यात त्या गाड्यांना दिवसरात्र काम होतं, नंबर लागला की अंधारातही हजर व्हायचं. पोरं लुंगीवर, भाषा कुणाची कुणाला कळत नाही, पण 'फूट' आणि 'पाईप' एवढ्यावर सगळं चालतं. कॉम्प्रेसर सुरू झाला तसा पांढरा फुफाटा उठला. मग तो तांबडा झाला. गेरू. दादा माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, नुसती मूठभर तांबडी माती उचलली, बोटांनी चोळली आणि टाकून दिली. पुढं पुन्हा पांढरा, राखाडी, काळपट. तीनशेला ओल नाही. चारशेला नाही. इथं थांबा म्हणायचं धाडस कुणात नव्हतं. इतका खर्च झालाच आहे तर अजून शंभर फूट, असं प्रत्येक शंभराला. ४८० ला चिखल उडाला. अंदाजे इंचभर पाणी. बप्पांनी नारळ फोडला, तात्यानं दादाच्याही हातावर खोबरं ठेवलं आणि दादानं ते खाल्लं. मग पाणी वाढेल म्हणून ६२० पर्यंत गेलो. वाढलं नाही.

फुटाला ऐंशी रुपये, केसिंग वेगळं, सगळं मिळून साठ हजारांच्या घरात. आण्याला पावणेचार हजार. काकूच्या दोन आण्यांचे साडेसात हजार.

पाणी एकोणीस दिवस चाललं. विहीर त्याच्या आधीच आटली. बोअरमुळं आटली की वैशाखामुळं, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्या साली अख्खं धरण कोरडं पडलं त्या साली आठ परसांच्या विहिरीनं काय करावं? दादा मात्र छातीठोकपणे सांगतो. सप्टेंबरअखेर असा पाऊस लागला की मांजरा भरलं, विहीरही काठाशी आली. पण दिवाळीपर्यंत पाझरणारा तो गेरूचा पट्टा हल्ली दसऱ्यालाच कोरडा असतो. हे मी बघितलेलं सांगतोय, कारण सांगत नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग पुढं आहे. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बप्पांच्या ढाळजात चहा पीत बसला होता. माझा विश्वास बसेना. आदल्या दिवशी ज्यांना गिळले म्हणाला त्यांच्याच बशीतून भुरके मारत, बैलाच्या किमतीवर बोलत. बप्पाही बोलत होते. भांडण दोघांनी ढाळजात काढलं आणि ढाळजातच ठेवलं. आणि मी, ज्यानं एक शब्द उलटा काढला नव्हता, त्या मी पुढची दोन वर्षं बप्पांच्या घरची पायरी नीट चढलो नाही. लग्नाकार्याला गेलो तर जेवून परत. बायकोजवळ, सोयऱ्यांजवळ, शाळेतल्या सरांजवळ बप्पांच्या बोअरची गोष्ट रंगवून सांगितली. प्रत्येक वेळी तो बप्पांचाच बोअर असायचा. माझे दोन आणे त्या गोष्टीत कधीच नसायचे. न बोललेलं कुठं जात नाही, ते मुरत जातं, हे लोणच्याला बरं आहे.

काकूनं साडेसात हजार बचत गटातून उचलले. ते मला उशिरा कळलं, आणि कळलं ते असं की एकदा तिच्याकडं काही द्यायला गेलो तर ओट्यावर गटाची मासिक बैठक भरलेली. बारा बायका गोल बसलेल्या, मध्ये पत्र्याची पेटी, शेजारी नोंदवही. काकू गटाची अध्यक्ष. मी दाराबाहेर थांबलो आणि ऐकत राहिलो. तिथं रीत अशी की प्रत्येकीनं आळीपाळीनं आपली बचत किती, हप्ता किती, कर्ज पाहिजे तर कशाला, हे मोठ्यानं सांगायचं. कुणी नुसतं 'माझंबी तेच' म्हटलं तर चालत नाही, आकडा तोंडानं म्हणावा लागतो, मगच वहीत चढतो. एकीनं शेळीसाठी दहा हजार मागितले. काकू म्हणाली, "मागचे चार हप्ते थकलेत तुझे. आधी ते सांग." आवाज ढाळजातल्या काकूचा नव्हताच. पदर खांद्यावर होता. ती बाई रडकुंडीला आली, तरी काकू हलली नाही. आणि बैठक संपल्यावर तिलाच जवळ बसवून चहा पाजला.

त्या दिवशी माझा त्या तीस जोड्यांवरचा विश्वास बराच उडाला. काकू टाळणारी की रेटणारी? उंबऱ्यावर एक, ओट्यावर दुसरी. माणूस तोच, बसायची जागा बदलली आणि बोलायची पाळी ठरलेली आहे की नाही ते बदललं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं आपल्या कायद्यात आहे, ते उगाच नसावं. अर्थात कायद्यात ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती गणपूर्ती लागते, असंही आहे, आणि ती झाली नाही तर तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही, असंही. आमच्या गावात तहकुबीचीच सभा जास्त वेळा पाहिलीय. त्यावर कधी तरी वेगळं लिहीन.

मागच्या वर्षी पुन्हा बैठक झाली. विषय सौर पंपाचा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, आणि अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात एचपी असं जमिनीवर ठरतं. आमची विहीर सामाईक, मग अर्ज कुणाच्या नावानं? बप्पा म्हणाले माझ्या. त्यांची जमीन जास्त, म्हणजे साडेसातचा पंप. तेच ढाळज, त्याच जागा. बप्पांचे हात आता थरथरतात, सुपारी कातरायला वेळ लागतो.

दादा उभाच होता. "साडेसातचा पंप तासाभरात विहीर कोरडी करंल. झरे राहिलेत का आता तेवढे? तीनचा घ्या. काकूच्या नावानं घ्या, तिचं दोन एकर हाय. का तिचं नाव आलं की तुमच्या पोटात दुखतंय?"

मी उठून उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून आवाज निघेना. म्हणालो, "बप्पा, पोटात दुखायचं सोडा, ते तो असंच बोलतो. पण पंपाचं खरं बोलायलाय. साडेसात लई होतंय आपल्या विहिरीला." आवाज कापत होता, कानशिलं तापली होती. वर्गात सत्तर पोरांपुढं रोज बोलणारा माणूस मी. मग दादाकडं वळलो. "आन् काकूचं नाव तिला इचारून घेतलं का?"

दादा पहिल्यांदाच काही बोलला नाही. तात्या चपलांकडं बघत होता, त्याचं चालूच होतं.

बप्पा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग उंबऱ्याकडं न बघता, भिंतीला म्हणाल्यासारखं म्हणाले, "धाकलीचं काय मनणं हाय?"

"तुमी मनाल तसं."

"तुमी मंजी कोन?" बप्पा म्हणाले. "मी, का ह्यो, का त्यो? आता तिघं झालोत आमी."

दादा फस्सकन हसला. काकू नाही हसली. ती उंबऱ्यावरून उठली, ढाळजात दोन पावलं आली आणि खांबाला धरून खाली बसली.

"आधी आण्याला किती पडतंय ते सांगा," ती म्हणाली. "तीनला किती आन् साडेसातला किती. मग मनते."

बप्पांनी अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला आणि दादाला वही आणायला सांगितली.